पहिल्या नोकरीचा रेझ्युमे म्हणजे लग्नाचा बायोडाटा नव्हे

आपल्या घरांत 'बायोडाटा' हा शब्द बहुतेक वेळा आधी लग्नासाठी ऐकू येतो, नंतर नोकरीसाठी. म्हणूनच की काय, दोन्ही कागद सारखेच दिसतात. माझ्या टीमसाठी फ्रेशर्सचे अर्ज वाचताना वडिलांचे नाव, त्यांचा व्यवसाय, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, कायमचा पत्ता आणि शेवटी 'वरील माहिती सत्य आहे' असे डिक्लरेशन मला आजही दिसते. अर्धे पान त्यातच जाते. उरलेल्या अर्ध्यात मार्क, आठ-दहा प्रोग्रामिंग भाषांची नावे आणि 'मेहनती, टीम प्लेअर'. उमेदवार नेमके काय करू शकतो, हे शेवटपर्यंत कळत नाही.

कारण विचारले की उत्तर ठरलेले असते: "सर, अनुभवच नाही, तर लिहू काय?"

माझ्या मते हे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत खरे नसते. पगाराची नोकरी केलेली नसते, एवढेच. काम केलेले असते. मोहल्ल्यातल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे ऑनलाइन फॉर्म कोण भरून देते? मशिदीच्या ट्रस्टचा जमाखर्च वहीतून एक्सेलमध्ये कोणी आणला? मामूंच्या दुकानाची उधारी मोबाइलवर कोण सांभाळते? ही कामे करणारी मुले रेझ्युमेत ती लिहीत नाहीत. कुणाला ती किरकोळ वाटतात, तर कुणाला 'मशीद', 'मदरसा' हे शब्द लिहायची भीती वाटते.

लिहा. पण कामासारखे लिहा. 'समाजसेवेची आवड' या शब्दांनी काहीच कळत नाही. त्याऐवजी अडचण काय होती, तुम्ही काय बनवले, कशात बनवले आणि ते आज कोण वापरते, हे चार मुद्दे दोन ओळींत मांडा. 'ट्रस्टच्या देणग्यांच्या नोंदी वहीत होत्या, पावती शोधायला वेळ लागे. पायथन आणि एसक्यूएलमध्ये नोंदवही बनवली, खजिनदार ती रोज वापरतात.' अशी ओळ वाचली की माझ्यासारख्याला विचारायला दहा प्रश्न मिळतात: एकच पावती दोनदा नोंदली गेली तर? बॅकअप कुठे? मुलाखत तिथूनच सुरू होते. कोड गिटहबवर ठेवा आणि तो कसा चालवायचा हे रीडमी फाइलमध्ये लिहा. मात्र देणगीदारांची नावे आणि नंबर तिथे चढवू नका. नमुन्याची माहिती वापरा. यूट्यूब पाहून जसाच्या तसा उतरवलेला प्रकल्प दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

उर्दूचेही तसेच. 'भाषा: मराठी, हिंदी, उर्दू' अशी शेवटची ओळ लिहून आपण थांबतो. उर्दू आणि अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात. त्या ओळीत इंग्रजी शब्द किंवा फोन नंबर आला की विरामचिन्हे भलतीकडे उडी मारतात, कंस उलटे दिसतात, बटणे चुकीच्या बाजूला राहतात. आखाती देशांतल्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या टीमना या चुका पकडाव्या लागतात, आणि ज्याला ती लिपी वाचता येते त्याच्या त्या चटकन लक्षात येतात. मराठी-उर्दू असे एक छोटे वेबपेज बनवून या अडचणी कशा सोडवल्या ते दाखवले, तर ते कौशल्य ठरते.

रेझ्युमे एका पानाचा, साधा, एका स्तंभाचा ठेवा. अनेक कंपन्यांत माणसाआधी सॉफ्टवेअर तो वाचते. तक्ते आणि सजावटीत मजकूर हरवू शकतो. फोटो, धर्म, वडिलांचे नाव काढून टाका. ती माहिती लपवायची म्हणून नव्हे. त्या कामाशी तिचा संबंध नाही म्हणून.

मग नावाचे काय? हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांचा 2007 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, सारख्याच पात्रतेच्या अर्जांतही मुस्लिम आणि दलित नावांना कमी बोलावणी आली. लेडबाय फाउंडेशनने 2022 च्या अभ्यासात 1000 जाहिरातींना दोन सारखेच रेझ्युमे पाठवले. 'प्रियांका शर्मा'ला 208 ठिकाणांहून प्रतिसाद आला, 'हबीबा अली'ला 103. दुसरीकडे, दिल्ली परिसरातल्या 371 जागांसाठी 3160 काल्पनिक रेझ्युमे पाठवून केलेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत उच्चवर्णीय आणि मुस्लिम नावांना येणाऱ्या बोलावण्यांत ठळक फरक आढळला नाही.

म्हणजे भेदभाव आहे, पण दार सगळीकडे बंद नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून 'आपल्याला कोण घेणार' म्हणत अर्जच न करणे मला पटत नाही आणि 'गुणवत्ता असेल तर सगळे मिळते' हा उपदेशही पटत नाही. दुप्पट अर्ज करावे लागतील, हे धरून चाला. आडनाव गाळून किंवा 'सॅम' होऊन फायदा नाही. कागदपत्रांच्या पडताळणीत खरे नाव येणारच. आणि ज्या नावाने घरात हाक मारतात ते नाव रोज आठ तास लपवायचे, ही किंमत मला फार मोठी वाटते.

याच निराशेतून काही मुले पैसे देऊन दोन-तीन वर्षांचा खोटा अनुभव विकत घेतात. पीएफच्या नोंदीत जुन्या नोकऱ्या दिसतात आणि खोटेपणा उघड झाला तर रुजू झाल्यावरही काढून टाकतात. जुम्याच्या बयानात अमानतीबद्दल आपण ऐकतो. रेझ्युमे हीसुद्धा अमानतच आहे.

शेवटचे म्हणणे माझ्यासारख्या नोकरीत स्थिरावलेल्यांसाठी आहे. आयटीतल्या कितीतरी जागा ओळखीच्या शिफारशीने, म्हणजे रेफरलने भरल्या जातात. ज्या मुलाच्या घरात पदवी घेणारा तोच पहिला, त्याने ओळख आणायची कुठून? इफ्तारला बोलावून 'मेहनत करो बेटा' म्हणणे पुरेसे नाही. महिन्याला दोन रेझ्युमे नीट वाचा, लाल शाईने दुरुस्त करा आणि मुलगा किंवा मुलगी लायक वाटली तर रेफरल द्या. आणि मुलांनो, मोहल्ल्यात असा कोणी असेल तर संकोच न करता या रविवारी त्याच्या दारावर थाप मारा. हातात मात्र लग्नाचा बायोडाटा नको.