आरओ प्लांटचा मेम्ब्रेन चोक का होतो? तो हलवून, फिरवून साफ राहील का?

पीठ चाळताना हात थांबला की पीठ पडणंही थांबतं. चाळणी हलवली की पुन्हा सुरू. पाणी गाळणाऱ्या मेम्ब्रेनलाही हीच युक्ती लागू पडते. पण यवतमाळमधल्या गावांना तिचा कितपत उपयोग? समजून घेऊया.

यवतमाळसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

जिल्ह्यातल्या पांढरकवडा, झरी-जामणी भागात भूजलातलं फ्लोराईड ही जुनी समस्या आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालतं; दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. त्याहून जास्त फ्लोराईड वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर दातांवर डाग पडतात, सांधे आखडतात. पाणी उकळूनही ते जात नाही. आरओ मात्र ते बऱ्याच प्रमाणात काढतो.

अडचण अशी की, याच पट्ट्यात चुनखडीही आहे. मुकुटबनला सिमेंट कारखाना आला तो त्यामुळेच. चुनखडीतून झिरपलेलं पाणी जड असतं, आणि जड पाणी मेम्ब्रेनचा शत्रू.

चोक होतो म्हणजे नेमकं काय होतं?

मेम्ब्रेनमधून शुद्ध पाणी पलीकडे जातं, क्षार अलीकडेच राहतात. पृष्ठभागाजवळ ते दाटत जातात आणि शेवटी पातेल्याच्या तळाशी बसतो तसा पांढरा थर बसतो. त्यात गाळ, लोह आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर यांची भर पडते. मग तेवढ्याच दाबाला पाणी कमी येतं, मोटर जास्त वेळ चालते, वीजबिल वाढतं. दुरुस्तीला पैसे नसले की प्लांटला कुलूप आणि गाव पुन्हा हातपंपावर.

हलवण्या-फिरवण्याची युक्ती काय आहे?

नेहमीच्या पद्धतीत पाणी जोरात वाहवून हा थर धुतला जातो. नव्या पद्धतीत पाण्याऐवजी मेम्ब्रेनच हलतो. काही यंत्रांत चकत्या फिरतात. अमेरिकेतल्या 'व्हीसेप' यंत्रात मेम्ब्रेनच्या थप्पीला सेकंदाला सुमारे ५० वेळा झटके बसतात. त्यामुळे पृष्ठभागालगतचा दाट थर सतत विस्कटतो. कारखान्यांचं घट्ट सांडपाणी गाळायला ही यंत्रं वापरतात.

मग गावात का नाही?

गावातल्या आरओत मेम्ब्रेन चटईसारखा गुंडाळून नळीत बसवलेला असतो. चकत्यांसारखा तो फिरवता येत नाही. हलणाऱ्या यंत्राला वेगळी रचना, जास्तीची मोटर, बेअरिंग, सील लागतात. हे सगळं महाग, आणि बिघडलं तर तालुक्याला मेकॅनिक मिळणं कठीण. कारखान्याचं घट्ट सांडपाणी असेल तर हा खर्च परवडतो. २० लिटरच्या कॅनसाठी नाही.

मग उपाय काय?

साधेच, पण नियमित:

- आरओआधीचे वाळूचे आणि कार्ट्रिज फिल्टर वेळेवर धुणं, बदलणं.
- क्षार बसू न देणारं अँटीस्केलंट योग्य मात्रेत सोडणं.
- ठरलेल्या वेळी मेम्ब्रेन फ्लश करणं, थर वाढण्याआधी केमिकलनं धुणं.
- वाया जाणारं पाणी वाचवण्यासाठी रिजेक्टचा वॉल्व्ह जास्त न आवळणं. तो आवळला की आत क्षार आणखी दाटतात.

तुम्ही काय तपासाल?

चोक झालेला मेम्ब्रेन लक्षात येतो, कारण धार बारीक होते. फाटलेला किंवा झिजलेला मेम्ब्रेन मात्र भरपूर पाणी देतो आणि त्यासोबत फ्लोराईडही. त्याला ना रंग, ना चव. टीडीएस मीटरचा आकडा अचानक वाढला तर ती धोक्याची घंटा समजा. पण ते मीटर फ्लोराईड वेगळं दाखवत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरण्याचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या किटनं प्लांटचं पाणी तपासून घ्या.

आणि पुढच्या ग्रामसभेत एक प्रश्न नक्की विचारा: प्लांटचा मेम्ब्रेन शेवटचा कधी बदलला, आणि पुढचा बदलायला पैसे बाजूला ठेवलेत का?