पुस्तक आणि कंठ

आमच्या गुलबर्ग्यात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू एकाच बाजारात कानी पडतात. गाण्याला भाषेची शीव नसते, हे येथील माणसास निराळे सांगावे लागत नाही. तरीही घराघरांतून मुलांच्या संगीतशिक्षणाचा विषय निघाला, की बोलणे बहुधा परीक्षा आणि प्रमाणपत्र यांपाशीच थांबते. म्हणून या खेपेस आम्ही आचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचे स्मरण करीत आहो.

मुंबईत वाढलेल्या रातंजनकरांचे पहिले गुरू कृष्णम् भट्ट हे कारवारकडचे. पुढे ते पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या छत्राखाली आले. विखुरलेल्या बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीत उतरविण्यासाठी भातखंड्यांनी आयुष्य वेचले होते. १९१७ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळून रातंजनकर आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाझखाँ यांच्याकडे तालमीस गेले. एका गुरूने विद्या कागदावर उतरवून दाखविली. दुसऱ्याने ती गळ्यावर चढविली.

१९२६ साली लखनौस मॅरिस संगीत महाविद्यालय निघाले आणि १९२८ पासून त्याची धुरा रातंजनकरांकडे आली. मैफली गाजविण्याच्या वयात त्यांनी वर्ग पत्करला. शिकविता शिकविता त्यांनी ‘सुजान’ या मुद्रेने असंख्य बंदिशी रचल्या. ‘अभिनव गीतमंजरी’त त्या ग्रथित आहेत. मार्गबिहाग हा रागही त्यांचाच.

स्वरलिपी पाहून गाणे येत नाही, हा भातखंड्यांवरील जुना आक्षेप. त्याला रातंजनकरांनी शिष्य घडवून उत्तर दिले. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचे कृष्ण गिंडे १९३६ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, लखनौस गेले आणि गुरुगृहीच राहिले. पुढे शेकडो बंदिशी मुखोद्गत असणारे विद्वान म्हणून त्यांची ख्याती झाली. चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी हेही त्याच परंपरेचे. कर्नाटकातील गुरूकडून मिळालेला पहिला स्वर रातंजनकरांनी कर्नाटकच्याच मुलांना असा सव्याज परत केला.

१९५७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. खैरागढच्या संगीत विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. १४ फेब्रुवारी १९७४ रोजी ते निवर्तले. मैफलीच्या गवयास टाळी तत्काळ मिळते. शिक्षकाचे गाणे मात्र दुसऱ्याच्या कंठातून, तेही वीस-पंचवीस वर्षांनी, ऐकू येते. आणि तोवर ऐकणारा शिक्षकाचे नाव विसरलेला असतो.

आमच्या वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते. मुलांनी परीक्षा अवश्य द्याव्यात, वहीत स्वर लिहावेत. परंतु गावात एखादे गुरुजी किंवा बाई चार मुलांना समोर बसवून मन लावून शिकवीत असतील, तर आपले मूल त्यांच्यासमोर बसवावे, आणि ते पाच-दहा वर्षे तेथे टिकेल असे पाहावे. पुस्तक कपाटात राहते. विद्या मात्र कोणाच्या तरी कंठात राहावी लागते.