बटणाचा गिअर आणि मुंबईची मोजणी



मे महिन्याच्या अखेरीस आमच्या मालवण किनाऱ्यावर सगळ्यांची एकच घाई असते. आंबा आटोपायचा, कुळागराचे शिंपण बंद करायचे, तरव्याची जमीन भाजून तयार ठेवायची आणि टिलर दुरुस्त करून घ्यायचा. अशा घाईत एक म्हातारे शेतकरी आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा यंत्रशाखेचा डिप्लोमा झालेला. वडिलांच्या उजव्या खांद्याला माडावरून पडून इजा झालेली. पॉवर टिलर चालवताना बांधाशी वळायची वेळ आली की एक हात सोडून गिअरचा दांडा ओढावा लागतो, तो त्यांना ओढवत नाही. मुलाने जुन्या मोटारीच्या वायपरची मोटर, एक आट्यांचा दांडा आणि बारा व्होल्टची बॅटरी घेतली आणि मुठीजवळ दोन बटणे बसवली. बटण दाबले की गिअर पडतो. क्लच दाबलेला नसेल तर बटण चालतच नाही.

म्हातारे म्हणाले, "सायबानू, झिलान ह्यां केल्यान. ह्याका पेटंट काढूचा आसा. खालचो कुणगो इकूक काढलंय."

शेवटचे वाक्य ऐकून मी हातातली फाईल खाली ठेवली. कोणीतरी मध्यस्थ भेटला होता. त्याने "पेटंट हमखास मिळवून देतो" म्हणून मोठी रक्कम सांगितली होती, आणि त्यासाठी वायंगणाचा पाण्याखालचा कुणगा विकायला निघाला होता. बापलेकांना मी जे सांगितले तेच आज या सदरात सर्वांसाठी लिहितो. कारण आपल्या गावांत अशी डोकेबाज मुले पुष्कळ आहेत. कोणी नारळ सोलायचे यंत्र करतो, कोणी कोकमाच्या बिया काढायचे. पुढे काय करायचे ते मात्र कोणाला नीट माहीत नसते.

आधी पेटंट म्हणजे काय ते पाहू. पेटंट म्हणजे बक्षीस नव्हे, आणि यंत्र चांगले असल्याचे सरकारी प्रमाणपत्रही नव्हे. तो एक करार आहे. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती सविस्तर लिहून जगासमोर उघड करायची. त्या बदल्यात सरकार त्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असा हक्क देते की, त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याने ती वस्तू करू नये, विकू नये. २० वर्षांनी ती युक्ती सर्वांची होते. ही पद्धत आपल्या देशात जुनी आहे. १८५६ साली पहिला कायदा झाला आणि त्याच वर्षी ३ मार्चला कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या गृहस्थाने पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी पहिला अर्ज केला. आजचा कायदा १९७० सालचा असून तो १९७२ पासून अंमलात आहे. त्यात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या आहेत. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या माणसाचे अर्ज मुंबईच्या ॲन्टॉप हिल येथील पेटंट कार्यालयाकडे जातात.

आता परीक्षा कशी होते ते सांगतो. ती समजायला आपल्याला जमिनीचे व्यवहार ठाऊक आहेत, तेवढे पुरे.

खरेदीखतात आपण चतुःसीमा लिहितो. पूर्वेस अमुक, पश्चिमेस व्हाळ, उत्तरेस गडगा. पेटंटच्या अर्जात शेवटी "दावे" लिहायचे असतात, त्या युक्तीच्या चतुःसीमा समजा. यंत्राचे वर्णन पंधरा पानी असले तरी हक्क मिळतो तो दाव्यांत लिहिले असेल तेवढ्याचाच. परीक्षक म्हणजे मोजणीदार. तो शेजाऱ्यांचे जुने नकाशे काढतो आणि तुम्ही सांगितलेल्या हद्दीत आधीच कोणाची जमीन येते का ते पाहतो. येथे शेजारी म्हणजे साऱ्या जगातली जुनी पेटंटे, छापील लेख आणि बाजारात आलेली यंत्रे.

परीक्षक मुख्यतः तीन गोष्टी तपासतो. पहिली, वस्तू नवी आहे का? अर्जाच्या तारखेआधी जगात कोठेही ती छापून आली असेल किंवा उघड वापरात असेल, तर ती नवी नाही. दुसरी, त्या धंद्यातल्या जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी तर नाही ना? तिसरी, ती उद्योगात उपयोगी पडते का? याखेरीज कायद्याच्या तिसऱ्या कलमात कशाला पेटंट मिळत नाही त्याची यादी आहे. शेतीची किंवा बागायतीची पद्धत त्यात येते. म्हणजे भात लावण्याची नवी रीत शोधलीत तर तिला पेटंट नाही, पण भात लावण्याच्या अवजाराला मिळू शकते. ठाऊक असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापले जुनेच काम करीत राहिली, तर त्यालाही पेटंट नाही.

आता आमच्या मुलाचे यंत्र या मोजणीला लावून पाहू.

गिअरपेटीत दातेरी चाके असतात. एका दांड्यावर बेचक्याच्या आकाराचा लोखंडी काटा असतो. आपण लिव्हर ढकलली की दांडा सरकतो, काटा चाकाला ढकलतो आणि दातांत दात बसतात. हातांऐवजी हे काम मोटरने किंवा तेलाच्या दाबाने करणाऱ्या भागाला ॲक्चुएटर म्हणतात. मोटारगाड्यांत तो नवा नाही. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओ गाडीतून आपल्याकडे स्वस्त मोटारींत ही सोय आली, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून परदेशी गाड्यांत ती होती. तेव्हा "बटणाने गिअर टाकण्याचे यंत्र" असा मोठा दावा लिहिला तर परीक्षक तो पहिल्याच फेरीत बाद करील. तो आपल्या अहवालात जुन्या कागदांना डी-१, डी-२ असे क्रमांक देतो आणि लिहितो, डी-१ मध्ये मोटरने काटा सरकवण्याची रचना आहे, डी-२ मध्ये क्लच दाबल्याशिवाय गिअर न पडण्याची सोय आहे, आणि दोन्ही एकत्र करणे जाणकाराला सहज सुचेल.

हे ऐकून मुलाचा चेहरा उतरला. पण अहवाल म्हणजे निकाल नव्हे. बहुतेक अर्जांवर असे आक्षेप येतातच. उत्तर द्यायला सहा महिने मिळतात, आणि मागितल्यास आणखी तीन. उत्तरात "माझे यंत्र फार उपयोगी आहे" असे लिहून भागत नाही. जुन्या कागदात काय नाही, माझ्यात काय आहे आणि त्याने कोणती अडचण सुटली, ते नेमके दाखवावे लागते.

मी त्याला विचारले, "मोटारीला नसलेली आणि टिलरलाच असलेली अडचण कोणती?" तो थोडा विचार करून म्हणाला, "काका, चिखळणीत दातावर दात अडकता. टिलर तसोच उभो रवता. मोटर जोर करीत रवली तर जळता." मग त्याने काय केले होते ते सांगितले. मोटर आणि दांडा यांच्यामध्ये त्याने एक स्प्रिंग घातली होती. दात अडले तरी मोटर आपली फेरी पुरी करून थांबते, स्प्रिंग दाबून राहते, आणि क्लच जरा सोडताच दात आपोआप बसतात. शिवाय सगळे एका पत्र्यावर जोडलेले, चार बोल्ट सैल केले की निघून येते आणि टिलर पुन्हा हाताने चालतो.

अशी स्प्रिंगसुद्धा मोटारीच्या जुन्या पेटंटांत सापडण्याचा संभव आहे, हेही मी त्याला सांगितले. पण टिलरच्या मूळ पेटीला हात न लावता, चिखलात चालेल अशी, काढता घालता येणारी जी नेमकी रचना त्याने केली, तिची हद्द आखता येईल. दावा लहान असेल, पण आपल्या मालकीचा असेल. दुसऱ्याच्या वहिवाटीवर मोठे कुंपण घालण्यापेक्षा आपल्या पाच गुंठ्यांना पक्का गडगा बरा. आणि अर्ज करण्याआधी शोध स्वतः घ्यावा. पेटंट कार्यालयाची जुनी पेटंटे संगणकावर फुकट पाहता येतात. डिप्लोमा झालेल्या मुलाला ते अवघड नाही.

जुना कागद किती महत्त्वाचा, याची गोष्ट आपल्या हळदीची आहे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याचे पेटंट मिळाले. आपल्या प्रत्येक आजीला ठाऊक असलेली ही गोष्ट! पण आजीला ठाऊक आहे एवढ्याने भागत नव्हते, लेखी पुरावा हवा होता. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर त्यावेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने ३२ जुने उल्लेख गोळा करून पाठवले. त्यांत १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापलेला लेखही होता. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

आणि पेटंट मिळाले की लढाई संपली असेही नाही. पुण्याच्या बजाज कंपनीला दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाचे पेटंट २००५ साली मिळाले. २००७ साली टीव्हीएस कंपनीने फ्लेम ही मोटरसायकल आणली तेव्हा भांडण मद्रास उच्च न्यायालयात गेले. २००८ साली बजाजच्या बाजूने मनाई हुकूम झाला, २००९ साली तो उठला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. शेवटी २०१९ साली दोन्ही कंपन्यांनी आपसांत मिटवले. मोठ्या कंपन्यांना हे परवडते. आपण कुणगा विकून कोर्टाची पायरी चढायची की नाही, ते आधी ठरवावे.

आता खर्चाचे. व्यक्तीने स्वतःच्या नावाने संगणकावरून अर्ज केला तर तीस पानांपर्यंत आणि दहा दाव्यांपर्यंत सरकारी फी १,६०० रुपये आहे. परीक्षेची मागणी वेगळी करावी लागते, तिची फी ४,००० रुपये. ही मागणी अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांत केली नाही तर अर्ज सोडून दिला असे समजतात. पुष्कळांचे अर्ज येथेच बुडतात. अर्ज १८ महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिक नियतकालिकात प्रसिद्ध होतो, त्यानंतर कोणालाही हरकत घेता येते. पेटंट मिळाल्यावर ते चालू ठेवण्यासाठी तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी भरावी लागते. ती सुरुवातीला ८०० रुपये असते आणि पुढे वाढत जाते. अर्जदारांत एखादी स्त्री असेल तर ८,००० रुपये भरून परीक्षा लवकर मागता येते. घरातल्या लेकीसुनेने खरोखर शोधाला हात लावला असेल तर तिचे नाव वगळू नका. मसुदा लिहिण्यासाठी पेटंट एजंट घेतला तर त्याची फी निराळी. पण "हमखास मिळवून देतो" असे जो सांगतो त्याच्यापासून दूर राहावे. मोजणीचा निकाल आधी सांगणारा मोजणीदार खरा नसतो.

मदतीचेही मार्ग आहेत. गुजरातेतल्या अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगाणी यांनी मोटरसायकलला जोडून चालणारे "बुलेट सांती" हे शेतीचे अवजार केले. त्याला २००५ साली अमेरिकेचेही पेटंट मिळाले. अशा ग्रामीण संशोधकांना साहाय्य करण्यासाठी २००० साली नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली आहे. तिच्याकडे आपले काम कळवता येते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती सांगताना मला माझी चूक कबूल करायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने कोकमाचे एक छान अवजार केले होते. मी उत्साहाने त्याला शेतकरी मेळाव्यात बोलावले, सर्वांसमोर चालवून दाखवायला लावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच हंगामात तसेच अवजार बाजारात विकायला आले. तो माझ्याकडे आला तेव्हा मी कायदा वाचला आणि समजले की, अर्जाआधी असे उघड दाखवले की नवेपणा जातो. केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनाला सवलत आहे, आमच्या मेळाव्याला नव्हती. त्याला माझ्यामुळे नुकसान सोसावे लागले. तो मला एका शब्दाने बोलला नाही, पण ती गोष्ट मी विसरलेलो नाही.

म्हणून आमच्या मुलाला मी प्रथम हेच विचारले होते. तो म्हणाला, "नाय काका, अजून कोणाक दाखवूक नाय. फक्त बापाशीक ठावक."

"बरा केलंस," मी म्हटले. यंत्र पूर्ण झाले नसेल तर प्राथमिक अर्ज करता येतो. त्याने तारीख हातात पडते आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. या पावसात घरच्या कुणग्यात यंत्र वापरायचे असेल तर आधी अर्ज करावा आणि मग खुशाल सर्वांदेखत चिखळणी करावी. चिखलात काय बिघडते, काय टिकते, ते रोजच्या रोज तारखेसह वहीत लिहावे. परीक्षकाला उत्तर देताना तीच वही उपयोगी पडेल.

म्हाताऱ्यांनी सगळे शांतपणे ऐकले. मग डोक्यावरची टोपी सारखी करीत म्हणाले, "मगे कुणगो रवलो म्हणा!"

कुणगा राहिला. मुलाने त्या आठवड्यात बसून सहा पाने लिहिली, चार आकृत्या काढल्या आणि प्राथमिक अर्ज केला. पेटंट मिळेल की नाही ते मुंबईचा परीक्षक ठरवील. परंतु खांदा दुखावलेला बाप यंदा दोन्ही हात मुठीवर ठेवून चिखळणी करणार आहे. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहायची नाही.

तुमच्या घरात, वाडीत कोणी असे काही केले असेल तर या चार गोष्टी ध्यानात ठेवा. अर्जाआधी दाखवू नका. जुने काय आहे ते शोधा. दावा खरा आणि नेमका लिहा. आणि जमीन विकू नका.