खरूज एकट्या पोराची नसते

वरणगावकडे थंडीत तीन-चार पोरं एकाच गोधडीत निजतात. एकाला खरूज झाली की तिचा बारीक किडा दुसऱ्याच्या कातडीत शिरतो. रात्री बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, पोर ओरबाडते, ओरखड्यांत जंतू जाऊन पू धरतो. ‘अंगातली उष्णता निघते आहे’ म्हणून बसू नका, मायबहिणींनो! अशा फोडांनंतर दोन-तीन आठवड्यांनी तोंड सुजले, लघवी लाल झाली, तर मूत्रपिंडाला सूज आलेली असू शकते. लगेच दवाखाना गाठा. पू दिसताच दाखवले तर बरेच.

डॉक्टरांनी दिलेले पर्मेथ्रिन मलम घरातल्या सगळ्यांनी, खाज नसली तरी, एकाच रात्री अंगभर लावावे, आठवड्याने पुन्हा. कपडे कढत पाण्यात धुवावेत. जड गोधडी धुणे होत नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवा. अंगाबाहेर किडा फार दिवस जगत नाही.