पानओवा : एका फांदीचे चार डबे

उन्हाळा लागला की बाजारात सांभार महाग होतो आणि दारात पेरलेला सांभार वर्ध्याच्या उन्हात करपून जातो. अशा दिवसांत घरचे वासाचे हिरवे पान हवे असेल तर पानओवा लावावा. बोरगाव मेघेत भाड्याच्या खोलीपुढे हातभर जागा असली तरी पुरे.

मसाल्याच्या डब्यातला ओवा या झाडाचा नव्हे. तो सांभार-जिऱ्याच्या कुळातला. पानओवा तुळस-पुदिन्याच्या कुळातला. वास सारखा, म्हणून हे नाव पडले. कर्नाटकात याला दोड्डपत्रे, तामिळनाडूत कर्पूरवल्ली म्हणतात. दूर क्युबातही ही पाने मटणात, घुगऱ्यांत घालतात.

याचे बी शोधत बसू नये. ज्यांच्याकडे झाड असेल त्यांच्याकडून वीतभर फांदी मागून आणावी. खालची पाने काढावीत. तेलाच्या रिकाम्या डब्याला बुडाशी खिळ्याने चार-पाच भोके पाडावीत. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि त्यात मूळ सडते. म्हणून निम्मी माती, निम्मी रेती व मूठभर कुजलेले शेणखत घ्यावे. फांदी दोन बोटे खोल खोचून डबा सावलीत ठेवावा. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. पावसाळा यासाठी उत्तम.

पान जाड असते, त्यात पाणी साठलेले असते. म्हणून रोज पाणी घालू नये; वरची माती बोटाला कोरडी लागली तरच घालावे. नळ एक दिवसाआड आला तरी झाड तगते. मे महिन्यात दुपारची सावली मात्र हवी. शेंडे खुडत गेल्यास झाड डेरेदार होते.

बेसनात बुडवून भजे करावेत. चटणीत, कढीत दोन-तीन पानेच घालावीत, चव उग्र असते. खोकल्यावर याचा काढा घरोघरी देतात. पण खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर काढ्यावर विसंबू नये. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, ती करून घ्यावी.

खुडलेला लांब शेंडा उकिरड्यावर टाकू नये. त्याचेही झाड होते. एका झाडापासून वर्षाकाठी चार डबे सहज भरतात. त्यातले तीन शेजारणींना द्यावेत. आपले झाड कधी वाळलेच तर फांदी मागायला तीन घरे राहतात.