न मागता उतरलेले वजन

लग्नकार्यात कोणी बारीक झालेले दिसले की 'काय डाएट केलंत?' असे कौतुकाने विचारले जाते. डाएट केले असेल तर प्रश्नच मिटला. पण खाण्यापिण्यात, कामात काही बदल नसताना पट्ट्याला नवे भोक पाडावे लागते, ब्लाउजला आतून टीप घालावी लागते, अंगठी बोटातून निसटते, तेव्हा ते कौतुक घातक ठरू शकते.

सहा महिने ते वर्षभरात मूळ वजनाच्या ५ टक्के किंवा अधिक घट झाली, तर तपासणी हवीच. म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो. अडचण अशी की बहुतेकांना मूळ वजनच ठाऊक नसते. केसपेपरवर दर खेपेला वजन लिहिणे हे मिनिटभराचे काम, पण ओपीडीच्या गर्दीत नेमके तेच राहून जाते.

भूक कशी आहे, यावरून पुष्कळ उलगडते. भरपेट जेवूनही वजन घटते, सारखी तहान लागते, रात्री लघवीला उठावे लागते, तर आधी साखर तपासावी. भूक चांगली, पण धडधड आणि हाताला कंप असेल तर थायरॉइड. भूकच मेली, संध्याकाळी कणकण येते, दोन आठवडे खोकला हटत नाही, तर क्षयरोगाचा संशय घ्यावा. पोटाच्या किंवा गाठींच्या क्षयात तर खोकला नसतोही. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात; उपचारकाळात पोषणासाठी महिना १००० रुपयेही मिळतात. घास अडकणे, शौचातून रक्त जाणे, न दुखणारी गाठ, यांसोबत वजन घटत असेल तर आठवडाभरही थांबू नये.

असे असताना घरोघरी होते काय? टॉनिकची बाटली येते, 'ताकदीचे' सलाइन लावले जाते. दोन दिवस तरतरी वाटते आणि निदान दोन महिने लांबते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते वृद्धांकडे. 'वय झालं, आता उतरायचंच,' असे घरचेच म्हणतात. कवळी सैल झालेली असते, चव गेलेली असते, जोडीदार गेल्यावर एकट्याने ताटावर बसवत नाही. नैराश्य, विस्मरण, चालू असलेल्या काही गोळ्या यांनीही वजन घटते. यातले बरेचसे दुरुस्त होण्यासारखे असते. त्यासाठी आजोबांच्या ताटात किती उरते, हे कोणीतरी पाहायला हवे.

काहींच्या सगळ्या तपासण्या होऊनही कारण हाती लागत नाही. त्यांनी दरमहा एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवावे आणि तीन महिन्यांनी, घट चालूच असेल तर त्याआधीच, तो कागद घेऊन डॉक्टरांना पुन्हा दाखवावे.