आठवण ठेवणारीची आठवण

पौषातली थंडी अंगात मुरू लागली की आपल्या स्वयंपाकघरांना भोगीचे वेध लागतात. हरभऱ्याचे सोलाणे, मटार, गाजर, वांगी, घेवडा यांनी मंडई भरून जाते आणि १३ किंवा १४ जानेवारीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा व शेजारी लेकुरवाळी भाजी असे ताट घरोघरी वाढले जाते. दुसऱ्या दिवशी संक्रांत, सुगडांची पूजा, तिळगूळ. आणि मग रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची लगबग. ‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ असे आपले पूर्वज म्हणत आले, ते केवळ जिभेचे चोचले पुरवण्यासाठी नव्हे. ऋतू पालटताना ताटही पालटायला हवे, हे शहाणपण त्यात साठवलेले आहे.

या साऱ्या रीतींची एक अलिखित वही असते आणि ती बहुतेक घरांत एकाच बाईच्या डोक्यात असते. सुगडी किती आणायची, कोणाकडचे वाण राहिले, नव्या सुनेसाठी हलव्याचे दागिने कुठून घ्यायचे, नातवाचे बोरनहाण कधी, सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी संपली का, धाकट्याची फी भरायची शेवटची तारीख कोणती, हे सगळे तिला तोंडपाठ असते. आपण त्या वहीवर इतके विसंबलेले असतो, की ती कोणीतरी रोज लिहीत असते याचाच आपल्याला विसर पडतो.

आणि पंचेचाळिशीच्या आसपास कधीतरी या वहीतल्या ओळी पुसट होऊ लागतात. फोडणी टाकायला उभी राहिलेली बाई डबा उघडून क्षणभर थबकते, की आपण काय घ्यायला आलो होतो? ओळखीच्या शेजारणीचे नाव ओठांवर येऊन अडते. बँकेच्या काउंटरवर बसून वर्षानुवर्षे आकडेमोड करणारी एखादी एकच बेरीज पुनःपुन्हा तपासते. वर्गात शिकवताना एखादीचे वाक्य मध्येच सुटते. ‘डोकं चालेनासं झालंय’, ‘काही सुचतच नाही’ असे ती मैत्रिणीपाशी कबूल करते; घरात मात्र गप्प राहते, कारण घरात त्याची थट्टा होते. ‘वेंधळी झालीस’, ‘वय झालं’ एवढ्यावर विषय संपतो. तिच्या मनात मात्र भीती घर करते, की आईला किंवा आजीला झाला तो स्मृतिभ्रंश आपल्याही दारी आला की काय.

ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते, हे आपण सर्वांनी समजून घेण्याची वेळ आली आहे. डॉक्टर ज्याला ‘ब्रेन फॉग’ म्हणतात, ते पाळी जाण्याच्या काळातले नेहमीचे, पण क्वचितच बोलले जाणारे लक्षण आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रीला ती साधारण ४६-४७व्या वर्षी गाठते. पण तिच्या आधीची काही वर्षे शरीरातील इस्ट्रोजेनची पातळी खालीवर होत राहते. हे संप्रेरक केवळ गर्भाशयापुरते नसते. स्मरण आणि एकाग्रता सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांतही त्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आहेत. मेंदूने ग्लुकोज कसे वापरावे, यातही त्याचा वाटा असतो. त्यात अंगातून उठणाऱ्या वाफा आणि घामाने मोडलेली झोप यांची भर पडते, आणि दिवसा डोके जड होते. अमेरिकेत १९९६ पासून हजारो स्त्रियांचा मागोवा घेणाऱ्या ‘स्वॅन’ या अभ्यासात २००९ मध्ये एक दिलासादायक गोष्ट पुढे आली. आकलनाच्या चाचण्या पुनःपुन्हा दिल्या की सरावाने गुण सुधारतात. पाळी जाण्याच्या काळात ही सुधारणा थबकते, पण पाळी पूर्ण थांबल्यानंतर ती पुन्हा दिसू लागते. दरवर्षी १८ ऑक्टोबरला जागतिक रजोनिवृत्ती दिन पाळला जातो. २०२२ साली त्याचा विषयच आकलन आणि मनःस्थिती हा होता. म्हणजे जगाने ज्याची दखल घेतली, ते आपल्या माजघरात अजून कुजबुजीपुरतेच उरले आहे.

मात्र ‘हे वयाचेच’ असे म्हणून हात झटकणेही बरे नाही, कारण त्या एका नावाआड दुसरी दुखणी लपून बसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत पुष्कळ जणींना अतिरक्तस्राव होतो, लोह आणखी आटते आणि रक्तच कमी असेल तर डोके तरी कसे चालणार? मंदावलेले थायरॉइड, वाढलेली साखर, बी-१२ची उणीव, मनाला आलेली उदासी, या सगळ्यांची सुरुवात विसराळूपणासारखीच दिसू शकते. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ एकदा तपासून घेणे हे पहिले पाऊल. रोजचा रस्ता चुकू लागला, नेहमीच्या कामाचा क्रम आठवेनासा झाला आणि हे वाढतच गेले, तर मात्र डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

मग प्रश्न ताटाचा. एखादे फळ, बी किंवा पूड खाल्ल्याने हे मळभ झटकन हटते असा पुरावा कोणाकडे नाही. बाजार मात्र तसा दावा रोज करतो. भाज्या, डाळी, अखंड धान्ये, तेलबिया, मासे यांनी भरलेला आणि मैदा, साखर, तळण यांना मागे ठेवणारा आहार हृदयाला आणि त्याच वाटेने मेंदूला मानवतो, एवढे मात्र दीर्घ निरीक्षणांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. अशा ताटाचे वर्णन वाचताना आपल्याला भोगीच आठवावी, इतके ते आपले आहे. बाजरीची भाकरी, मोडाची उसळ, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, वाटीभर दही. किनारपट्टीवर बांगडा नाहीतर तारली. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला दिवसाकाठी १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. बी-१२ शाकाहारी ताटात दूध, दही, ताक, पनीर यांतूनच येते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या बाईने तर त्याकडे विशेष लक्ष द्यावे. जेवणावर लिंबू पिळले की धान्याभाजीतले लोह अंगी लागते आणि जेवणालगत चहा घेतला की ते वाया जाते. चहा तासाभराने घेतला तर त्याला पैसाही पडत नाही.

अडचण पदार्थांची नाही, वेळेची आणि क्रमाची आहे. सकाळी सर्वांचे डबे भरून झाल्यावर तिच्या वाट्याला चहाबरोबर दोन बिस्किटे येतात. रात्री सगळे जेवून उठल्यावर उरलेला भात आणि आमटीचे पाणी. आठवड्यातला एखादा वार, संकष्टी, एकादशी यांचे उपवास साबुदाणा आणि चहावर निभावले जातात. श्रद्धा अढळ असावी. पण उपवासाच्या ताटात दही, शेंगदाणे, राजगिरा, फळे यांना जागा दिली तर देवही रुष्ट होणार नाही. ज्या घराने भोगीचे ताट एक दिवस इतके निगुतीने मांडले, त्याने ते ताट उरलेल्या वर्षात सर्वांत शेवटी बसणारीपुढेही मांडावे, एवढाच सणाचा अर्थ.

रथसप्तमीला आपण सूर्याला अर्घ्य देतो, अंगणात दूध उतू घालतो. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ मार्गी लागते आणि रात्रीची झोप वेळेवर येते, हे आजचे विज्ञानही सांगते. ‘घरकामात होतोच की व्यायाम’ हे अर्धेच खरे. आठवड्याला किमान १५० मिनिटे दम लागेल असे चालणे आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सूर्यनमस्काराची सुरुवात या सप्तमीला करायला हरकत नाही. केवळ विसराळूपणासाठी संप्रेरके घ्यावीत असे तज्ज्ञ सांगत नाहीत. पण वाफांनी रात्र रात्र डोळा लागत नसेल तर त्यावर उपचार आहेत, आणि परतलेली झोप डोक्यालाही हलके करते.

तिळगूळ देताना आणखी एका स्त्रीची आठवण ठेवणे आपले कर्तव्य आहे. संक्रांतीला उसाचे फड ऐन तोडणीत असतात. गोड बोलण्याची आठवण करून देणारा हा गूळही उसाचाच. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया झाल्याचे नोंदले गेले. पाळीमुळे कामात खाडा पडू नये, हे त्यामागच्या कारणांपैकी एक. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली तर रजोनिवृत्ती एका रात्रीत येते. ती राखली तरी काहीशी लवकर येऊ शकते. शहरातल्या बाईला डॉक्टर, चालायला बाग आणि वाटीभर दही मिळण्याची शक्यता तरी आहे. झोपडीवजा कोपीत राहून पहाटे फडात उतरणारीचे डोके चालेनासे झाले, तर ती ते कोणाला सांगणार?

म्हणून यंदाच्या हळदीकुंकवाला सवाष्ण-विधवा असा भेद न करता सर्वजणींना बोलवावे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव करून वाट दाखवलीच आहे. या हळदीकुंकवात उखाण्यांनंतर पाळी जाण्याविषयी मोकळेपणाने बोलले जावे. वाण म्हणून आणखी एक प्लास्टिकचा डबा देण्याऐवजी मूठभर जवस किंवा नाचणीचे पीठ द्यावे. पण हे बायकांवर सोपवून पुरुषांनी मोकळे होऊ नये. आहार सांभाळ, चाल, झोप, तपासून घे, ही यादीसुद्धा तिच्याच वहीत लिहिली गेली तर तिचे ओझे वाढेल, हलके होणार नाही. गोळ्या संपल्या का, फी भरली का, तपासणीची वेळ कोणती, याची आठवण घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी वाटून घ्यावी आणि रात्री तिच्यासोबत एकाच पंगतीला बसावे. इतकी वर्षे तिने सर्वांचे लक्षात ठेवले. आता काही वर्षे तिचे लक्षात ठेवणे हे घराचे काम आहे, आणि ते उपकार म्हणून नव्हे, तर थकलेले देणे म्हणून करायचे आहे.